सातवा नियम

सौंसरसारख्या लहान गावात बसून बर्लिनचे कायदे इंग्रजीत आणणारा माणूस एकच होता, आणि त्या एकटेपणाचा सुमेध गजभिये यांना रीतसर गर्व होता. जर्मन राजकीय आणि कायदेशीर संज्ञांची त्यांनी बावीस वर्षे जमवलेली यादी, तिच्या आरंभीच्या नियमांसकट, नागपूरच्या एका अनुवाद-संस्थेत प्रमाण मानली जाई. ‘रेख्ट्सश्टाट’ला ‘रूल ऑफ लॉ’ म्हणून मोकळे होणाऱ्यांना ते माणसांत धरत नसत. राज्यालाच कायद्याच्या दावणीला बांधण्यासाठी घडवलेला शब्द दुसऱ्या देशातल्या न्यायमूर्तींच्या सवयींनी कसा भरून निघेल, एवढाच त्यांचा प्रश्न असे आणि तो ते तासभर विचारत.

मंगळवारी दुपारी त्यांच्या वर्गमित्राची, नगरपालिकेतल्या मनोहर मेश्रामांची मुलगी दीपाली फाइल घेऊन आली. ती पांढुर्ण्याच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. जर्मनीत काम करायचे तर तिथल्या कार्यालयाने तिची पदवी जर्मन पदवीच्या बरोबरीची मानायला हवी होती. ती मानली नसल्याचे त्यांचे पत्र आले होते.

“जय भीम, काका. हे अनुभवाचं सर्टिफिकेट आता भेटलं. म्हाताऱ्या पेशंटच्या वॉर्डात दीड वर्ष केलं, ते यात हाय. त्याइले तेच कमी वाटून राहिलं होतं. कुठं पाठवू, सांगा.”

सुमेधांनी नागपूरच्या संस्थेने केलेला इंग्रजी अनुवाद वाचला, मग मूळ पत्र. शेवटच्या पानावर ते थबकले. इंग्रजीत तिथे एकच ओळ होती: ‘यापुढे नेहमीचा कायदेशीर मजकूर आहे.’ जर्मनमध्ये त्या जागी पाच ओळी होत्या. या निर्णयाविरुद्ध, तो हाती पडल्यापासून एका महिन्यात, ‘वीडरश्प्रुख’, म्हणजे लेखी हरकत घेता येते.

“पत्र कधी आले?”

“महिना अन् नऊ दिवस झाले. काहून?”

त्यांनी सांगितले. दीपालीने सर्टिफिकेट परत फाइलमध्ये ठेवले.

“मंजे महिनाभर दार उघडं होतं, अन् मी हितं सर्टिफिकेटासाठी चकरा मारून राहिली होती.”

“जर्मन तर तू शिकली आहेस.”

“बी-वन लेवल झालं माहं. त्यात पेशंटले कुठं दुखते ते इचारायले शिकवते. असा कागद वाचायले नाई. म्हणून तर तुमच्या नागपूरवाल्याले देला.”

सुमेधांनी संस्थेच्या मालकाला, कुलदीपला फोन लावला आणि तिला ऐकू जाईल असा ठेवला.

“कुलदीप, माणसाच्या हक्काला ‘नेहमीचा मजकूर’ म्हणणारा विद्वान तुमच्याकडे कोण आहे? मला त्याचे नाव हवे. त्याला सांगा, विषाच्या बाटलीवरची सूचनाही नेहमीचीच असते.”

“सर, गुस्सा नका करू. नियम तर तुमचाच आहे ना जी. यादीच्या सुरुवातीले, सात नंबर. नवीन माणूस आला का पहिले तेच पाठ करून घेतो आपन.”

सुमेधांनी यादी उघडली. ‘समारोपाचा ठरीव मजकूर अनुवादू नये, एका ओळीत उल्लेख पुरे.’ हा नियम लिहिला तेव्हा ते विद्यापीठांसाठी निवाडे अनुवादत होते. त्या वाचकांपैकी कोणालाच हरकत घ्यायची नव्हती. निवाडे दुसऱ्यांच्या आयुष्याचे होते.

जर्मन कायद्याला विनोदबुद्धी होती. हा परिच्छेद कार्यालयच लिहायला विसरले असते तर दीपालीला वर्षभराची मुदत मिळाली असती. अनुवादकाच्या विसरण्याला तशी सवलत नव्हती. शिवाय सुमेध विसरले नव्हते, त्यांनी विचारपूर्वक वगळले होते. आता एकच वाट उरली होती, ती त्यांनी फोनवरच दोघांना सांगितली: मुदत स्वतःच्या दोषाविना हुकली असेल तर चूक कळल्यापासून दोन आठवड्यांत कारणासह अर्ज, आणि सोबत हरकत.

“लिहा सर, बिनधास्त,” कुलदीप म्हणाला. “पण नावं नका टाकू. माहं दुकान अन् तुमची इज्जत, दोन्ही जाईन.”

सुमेधांनी तिरस्काराने फोन बंद केला, आणि कुलदीपने सांगितले होते नेमके तेच लिहिले: ‘भारतातील एका अनुवाद-संस्थेच्या त्रुटीमुळे.’

दीपालीने मसुदा ओळीवर बोट ठेवून वाचला. तेवढ्याला तिचे बी-वन पुरले.

“यात तुमचं नाव कुठं हाय?”

“त्याची गरज नाही.”

“त्याइले नाई का तुमाले नाई? कोन चुकलं, कसं चुकलं, कायीच नाई यात. असं तर कोनी बी लिहीन. दुसऱ्याच्या एका शब्दासाठी बाबाचं डोकं घंटा घंटा खाता, काका, अन् सोताच्या खेपेले एका लायनीत उरकता?”

सुमेधांना राग आला. तो तिच्यावर काढावा असे वाटण्याइतका तो खरा होता. त्यांनी कागद फाडला.

‘हा परिच्छेद वगळण्याचा नियम मी, सुमेध गजभिये, स्वतः लिहिला. अर्जदाराला आपला हक्क कळला नाही, हा त्या नियमाचा परिणाम आहे. नियमाचे पान सोबत जोडले आहे.’ एकाही शब्दासाठी अडावे लागले नाही, आणि तेच त्यांना सर्वांत जास्त झोंबले. त्यांनी खाली सही केली. हरकतीवर दीपालीने केली.

“मानतीन का ते?”

“सांगता येत नाही.”

बसस्टँडजवळच्या सेंटरवरून फॅक्स करायला तिने कागद उचलले, पाने मोजली, दाराशी थांबली.

“जबाब आला का पहिले मी वाचीन. अडलं तर इचारीन.”