राधाकिशन मास्तरांची लाल थुंकी

घाटनांदूरच्या बाहेर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या पटांगणात, दर शुक्रवारी दोनशे माणसं थुंकायला जमत. थुंकीबाबा प्रत्येकाच्या जिभेवर चिमूटभर मंतरलेला पिवळा भंडारा ठेवी, पांढऱ्या ताटलीत थुंकायला लावी आणि थुंकी लालभडक निघे.

"बघा, वीस वर्षांचं विष!" बाबा गरजे. "तंबाखू म्हणजे हडळ. मी तिला झिंज्या धरून वढतो!"

मग तीर्थाची चूळ. पुढची थुंकी पिवळीधमक. "गेली! आता ना डॉक्टर, ना दवा!"

तंबाखू न खाणाऱ्याची थुंकी लाल होतच नसे. एवढा पुरावा लोकांना पुरे होता.

रांगेत राधाकिशन मास्तर उभे होते. बावीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेला माणूस. आपण नुसतं निरीक्षण करायला आलोय, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. निरीक्षकानं गालातली तंबाखू मात्र आत्ताच थुंकून टाकली होती.

तीन महिन्यांपासून त्यांच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा होता. भाकरीचा घास नीट आत जाईना, तिखट सोसेना. बायको अंजना रोज म्हणे, "डॉक्टरला दाखवा." डॉक्टर काय सांगतील याची मास्तरांना भीती होती. बाबानं तसलं काहीच सांगितलं नाही.

"चट्टा? आठ दिवसांत झडंल. डॉक्टरनं सुरी लावली की पसरतंय बघ."

मास्तरांचीही थुंकी आधी लाल, मग पिवळी निघाली. त्यांना इतकं हलकं वाटलं, की सदऱ्यावर सांडलेला भंडारा त्यांनी झटकलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाईंनी तो सदरा धुवायला घेतला. पिवळ्या डागावर साबण घासला आणि डाग लाल झाला.

"अवो, इकडं या! तुमचा सदराबी तंबाखू खायला लागला की!"

मास्तर हसले आणि मधेच थांबले. हळदीला चुना किंवा साबण लागला की लाल, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. हा प्रयोग ते दरवर्षी वर्गात करून दाखवत. तो न आल्याबद्दल त्यांनी कितीतरी पोरांचे मार्क कापले होते. आणि स्वतःच्या तोंडात तोच प्रयोग झाला, तेव्हा त्यांनी बाबाला वाकून नमस्कार केला होता!

"मी गाढव हाय, अंजना."

"ते ऱ्हाऊ द्या. दवाखान्यात कवा जायचं ते सांगा."

पुढच्या शुक्रवारी मास्तर पटांगणात गेले. तळहातावर भंडारा मागून घेतला, खिशातून चुन्याची डबी काढली आणि दोन्ही चोळलं. हात लाल झाला.

"माझा हात कवापासून तंबाखू खातोय, बाबा?"

लोक खदखदून हसले. "देवाची थट्टा करतोस बे!" बाबा ओरडला. तोवर रांगेतल्या बंकटनं तीर्थाचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं होतं. "लिंबू हाय रे हे!"

"आपल्याच तंबाखूतला चुना," मास्तर म्हणाले. "त्यावर ह्यांची हळद. ह्याच्यात दैवी काही न्हाई. मी हे शिकवतो आणि मीच फसलो. कावून? कारण मला फसायचंच होतं."

बाबानं ताटल्या गोळा केल्या आणि काढता पाय घेतला.

"पण मास्तर," बंकट म्हणाला, "माझी तंबाखू आठ दिवस सुटलीय की."

"ती तू सोडलीस. बाबाला कशाला देतोस तुझी कमाई?"

सोमवारी मास्तर अंबाजोगाईला गेले. डॉक्टरीणबाईंनी चट्ट्याचा कण तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता, पण तंबाखू चालू राहिली तर होण्याची भीती होती. "तपासल्यानं पसरत न्हाई," त्या म्हणाल्या. "उशीर केल्यानं पसरतं."

सोडणं मात्र चमत्कारासारखं चुटकीसरशी झालं नाही. मास्तर वर्गात खेकसले, घरात भांडले, बडीशेप चघळून वैतागले. अकराव्या दिवशी बाजारात त्यांनी चिमूट मागून खाल्लीच. डॉक्टरीणबाईंनी रागावण्याऐवजी पुन्हा पहिला दिवस मोजायला लावला आणि सवय सोडवणाऱ्या गोळ्या दिल्या. त्या खेपेला सुटली.

दिवाळीनंतर बंकट अंगणात येऊन उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "जिभंखाली जखम हाय. महिना झाला, भरंना. गप बसलो तर जाईल का वो?"

मास्तरांनी पायात चपला घातल्या.

"न्हाई जाणार. मलाबी लई भ्या वाटलं होतं. चल, मी येतो संगं."