सात दिवसांचं कार्ड

तुंबलेलं काम उपसावं तर मोठ्या बाईंनीच, असं अख्खं ऑफिस म्हणायचं, आणि ते काही खोटं नव्हतं. पाणीपुरवठ्याकडे हेडक्लार्क असताना त्यांनी नळाच्या नऊशे तक्रारी एका महिन्यात निकालात काढल्या होत्या. युक्ती साधी. प्रत्येक तक्रारदाराच्या घरी कार्ड टाकायचं: तक्रार चालू ठेवायची असेल तर सात दिवसांत येऊन सांगा, नाहीतर बंद. निम्म्यांनी तोवर नळ स्वतःच दुरुस्त केलेला असायचा, उरलेले कंटाळलेले. कोण येतंय? फाइल बंद!

म्हणून तर त्यांची बदली मारहाणीच्या शाखेत झाली. नवऱ्याने मारलं, दिराने मारलं, असले अर्ज तिथे यायचे. चौकशी अधिकाऱ्याची जागा एकच, तीही दीड वर्ष रिकामी. अर्ज काही थांबले नाहीत. गठ्ठे कपाटातून खुर्च्यांवर आणि खुर्च्यांवरून जमिनीवर आले. मोजले तर पाचशे चाळीस.

"महिनाअखेरीला एकही नको मला," साहेब म्हणाले.

"काळजीच सोडा," बाई म्हणाल्या. तीन दिवसांत सगळी कार्डं टपालात गेली आणि साहेबांचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, एक माणूस बायकोला वेणीला धरून फरफटत आत घेऊन आला. दुसऱ्या हातात कार्ड.

"कुठाय ती तक्रार? काढा बाहेर! ही सांगतेय, बंद करा म्हणून. सांग गं!"

ती बोलेना. त्याने तिचं तोंड काउंटरवर आपटलं. एकदा, दोनदा. आवक रजिस्टरच्या उघड्या पानावर रक्त सांडलं, त्यात एक दात. शिपाईकाका धावले, तर पोटात लाथ खाऊन कळवळत खाली बसले. त्याने पुन्हा वेणी मागे खेचली आणि बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. कागदांना भोकं पाडायचं लोखंडी मशीन त्यांनी उचललं आणि त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज पार खिडकीपर्यंत ऐकू आला.

वेणी सुटली. बाई थांबल्या नाहीत. "मेल्या, हात उचलतोस? उचल की आता!" खांद्यावर, कानावर, पुन्हा त्याच मनगटावर. तो टेबलाखाली शिरला, तर वाकून मारलं. खरं सांगायचं तर बाईंना फार बरं वाटत होतं. शेवटी साहेबांनी मागून त्यांचे हात धरले, तेव्हा कुठे मशीन खाली पडलं.

पोलिसांनी त्याला नेलं. बाई तिच्यापाशी बसल्या, पदराने तिचं तोंड पुसू लागल्या.

"घाबरू नकोस बाळा. मी आहे ना आता."

तिने त्यांचा हात बाजूला केला. फुटलेल्या ओठांतून शब्द नीट येत नव्हते, तरी बाईंना सगळे कळले.

"ताई, मी चोरून आले होते हो अर्ज द्यायला. त्याला काहीच माहीत नव्हतं. कार्ड घरी कशाला पाठवलंत?"

नळाच्या तक्रारीचं कार्ड नळ असलेल्या घरी पाठवलं तर काय बिघडतं? पण इथे मारणारा त्याच घरात राहतो, हे एवढंसं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं! त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

त्या उठल्या आणि जमिनीवरच्या गठ्ठ्यांवर तुटून पडल्या. वरचा अर्ज, त्यावरचा नंबर, फोन. एकीकडे कुणी उचलला नाही. दुसरीकडे पुरुषाचा आवाज आला. ऑफिसचं नाव घ्यायचं नाही, एवढं आता कळलं होतं.

"मी शिवणकामवाली बोलतेय," बाई म्हणाल्या. "वहिनींचे कपडे झालेत. जरा पाठवता का त्यांना?"

मागे एक लहान मूल हमसून हमसून रडत होतं. मग फोन तसाच हातात धरून तो त्या मुलावर खेकसला, "गप रे! कितीही हलवलंस तरी उठायची नाही ती आता."