पायरीवरचं गिऱ्हाईक

घराण्याचा धंदा खिळे-बिजागऱ्यांचा आणि घराण्याचा नियम एकच: गिऱ्हाईक पायरीवर असेपर्यंत दुकानाला फळी लावायची नाही. थोरल्याने दुकान सांभाळलं. धाकटा रेल्वे कंपनीत चिकटला, आणि जाताना नियम तेवढा बरोबर घेऊन गेला. स्टेशनमास्तर असताना जिन्यावर कुणी धापा टाकताना दिसलं, की त्याच्या हातातला हिरवा बावटा वर होईचना. लोकांनी नाव ठेवलं थांबासाहेब. त्याच्या गाड्या उशिरा सुटत, पण भरून सुटत. त्यामुळे तो चढत चढत वाहतूक व्यवस्थापक झाला. हाताखालच्या तमाम स्टेशनमास्तरांना त्याने हेच वळण लावलं.

आता कंपनीची सर्वांत मोठी खुर्ची रिकामी झाली होती आणि साहेबांचा जीव तिच्यात अडकला होता. पाच संचालकांपैकी दोघे त्यांच्या बाजूचे, दोघे घड्याळाच्या. पाचवा खुद्द थोरला. कंपनीला खिळे पुरवता पुरवता तोही आत ठोकला गेला होता. ठरलं असं, की संचालकांची खास गाडी साहेबांनी स्वतः बावटा दाखवून जंक्शनपर्यंत न्यायची, परत आणायची आणि परतीच्या वाटेवर नेमणुकीच्या कागदावर सह्या व्हायच्या.

सुटायची वेळ दहाची. दहाला थोरल्याचा पत्ता नाही. दहा वाजून दोन मिनिटांनी जिन्यावर आधी त्याचं पोट दिसलं, मग तो. साहेबांनी बावटा खालीच धरला. थोरला डब्यात टेकला, घाम पुसला, तांब्याभर पाणी प्यायला आणि मग त्याने घड्याळ पाहिलं.

"चार मिनिटं उशीर. माझी सही मिळणार नाही."

"दादा, तुझ्यासाठीच थांबवली."

"तेच म्हणतोय मी. उद्या कुणासाठीही थांबवशील."

जंक्शन येईपर्यंत साहेब रूळ मोजत बसले.

जंक्शनवर थोरला चहाला उतरला. पहिल्या कपात साखर कमी म्हणून त्याने दुसरा मागवला. परतीची वेळ साडेबाराची. साडेबाराला साहेब गार्डाच्या डब्याच्या दारात उभे राहिले. वडील डोळ्यांसमोर आले, आणि तरीही बावटा वर गेला.

थोरला कप सांभाळत धावत आला. "अरे, हा काय आलोच की मी."

"फळी लागली, दादा," साहेब अदबीने म्हणाले.

तीस वर्षांत पहिल्यांदाच साहेबांची गाडी वेळेवर सुटलेली पाहून घड्याळवाल्या दोघांना भरून आलं. त्यांनी एकाच पेनाने सह्या केल्या. चार विरुद्ध शून्य.

थोरला मागच्या पॅसेंजरने निघाला, भांडायचंच असं ठरवून. ती तीन तास उशिरा पोचली. वाटेतल्या प्रत्येक स्टेशनमास्तराला कुणी ना कुणी जिन्यावर दिसलं होतं.