वीतभर मासे

जलाशयावर गळ टाकायला येणाऱ्या मंडळींत मामांना सगळे 'सोडमामा' म्हणत. गळाला लागलेला मासा ते ओल्या हातांनी अलगद सोडवायचे, पाण्यात धरून त्याला दम खाऊ द्यायचे आणि मग सोडून द्यायचे. "मामा, निदान पत्ता तरी विचारून ठेवा त्याला," अशी चेष्टा व्हायची. पण ती फार पुढे जात नसे, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मामांचा एकुलता एक मुलगा ह्याच पाण्यात गेला होता. वाऱ्यानं होडी उलटली आणि पट्टीचा पोहणारा पोरगा वर आलाच नाही. तेव्हापासून ह्या पाण्यातला एकही जीव मामांनी घरी आणला नव्हता.

भाचीला गळ बांधायला त्यांनीच शिकवलं. ती पुढे माशांचंच शिकली आणि ह्याच जलाशयाच्या मत्स्य विभागात अधिकारी म्हणून आली, तेव्हा मामांना कोण आनंद झाला होता!

आल्यावर तिनं जागोजागी जाळी लावून पाहणी केली. गळ टाकणारे हौशी लोक ज्याच्यासाठी लांबून येत, तो पट्टेरी मासा जाळ्यात भरभरून आला, पण सगळा वीतभरच. पिल्लं असतील, असं तिला आधी वाटलं. मग तिनं काहींच्या कानातलं इवलंसं हाड काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. झाडाच्या खोडासारखी त्यातही दर वर्षाला एक रेघ उमटते. रेघा मोजता मोजता तिचा चेहरा उतरला. ती पिल्लं नव्हतीच. पोटभर खायला न मिळाल्यानं खुंटलेले, म्हातारे मासे होते ते.

तोंडं जास्त आणि अन्न कमी. उपाय एकच होता, मासे कमी करायचे.

काठावरच्या क्लबच्या खोलीत तिनं बैठक बोलावली. भिंतीला ओले रबरी बूट टेकवलेले, कोपऱ्यात गळाच्या काठ्यांची मोळी. ती म्हणाली, "लहान म्हणून सगळेच वीतभर पट्टेरी पाण्यात सोडून देतात. ह्या हंगामापासून सोडू नका. घरी न्या, खा, शेजाऱ्यांना द्या. एखादा मोठा लागलाच तर तो मात्र सोडा, मोठे लहानांना खातात."

मामा मागच्या बाकावरून उठले. "म्हणजे माझ्यामुळं मासे उपाशी राहिले, असंच ना?"

"मामा, तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणतेस. फक्त साखरेत घोळवून."

ते टोपी उचलून निघून गेले. त्यानंतर ते तिचा फोन घेईनात.

शेवटी एका रविवारी ती घरीच गेली. मामा पायरीवर बसून गळाच्या काठीचं रीळ पुसत होते. ती म्हणाली, "एकदा जाळं उचलायला चला माझ्याबरोबर. मग आयुष्यभर अबोला धरा, मी काही म्हणणार नाही."

मामांनी रीळ बाजूला ठेवलं. मग आत जाऊन जाकीट घालून आले.

सकाळच्या उन्हात दोघांनी जाळं होडीत ओढून घेतलं. भाचीनं एक मासा सोडवून मामांच्या तळहातावर ठेवला. डोकं मोठं, डोळे बटबटीत, पाठ सुरीच्या पात्यासारखी. तिनं दुसऱ्याचं पोट चिरून दाखवलं. आत काहीच नव्हतं.

"नुसतं डोकंच आहे गं ह्याला," मामा पुटपुटले. गळाला लागल्यावर क्षणभर हातात येऊन जाणारा हाच मासा त्यांनी इतकं निरखून कधी पाहिला नव्हता. "मला वाटायचं, मी ह्यांना जगवतोय."

"जगवलंतच की. पण पाण्यात तेवढं खायला नाही, मामा."

"आता ह्यांचं काय करणार?"

"मोजमाप झालं की आम्ही पुरून टाकतो."

"पुरू नकोस," मामा म्हणाले. "बादली दे मला."

घरी बादली बघून मामी ओट्याशी थबकली. मामा घाईनं म्हणाले, "तुला नको असतील तर..."

"मला कधी विचारलं होतंत?" मामी शांतपणे म्हणाली. "घरात मासा आणायचा नाही, हे तुम्ही एकट्यानं ठरवलंत. आपल्या लेकाला किती आवडायचा! पलीकडून तळल्याचा वास आला की मी खिडकी लावून घ्यायचे आणि मग तिथंच उभी राहायचे."

मामीनं सुरी काढली आणि खवले काढायला बसली. हात विसरले नव्हते.

जेवताना पहिला घास मामांच्या तोंडात घोळत राहिला. भाची खाली मान घालून काटे वेचत होती. तेवढ्यात मामी बोलू लागली. लेक काटे ताटाच्या कडेला न ठेवता हळूच बापाच्या ताटात कसा सरकवायचा आणि वर "बाबा हावरट" म्हणून बोंबलायचा, ते तिनं सांगितलं. मामांना हसू आलं, आणि हसता हसता ते रडू लागले. मामीनं त्यांना रडू दिलं. त्या घरात पोराचं नाव इतक्या मोकळेपणी फार दिवसांनी निघालं होतं.

पुढच्या रविवारी मामा क्लबात सगळ्यांसमोर उभे राहिले. "पोरगी बरोबर सांगत होती. माझं चुकलं," एवढंच म्हणाले. काही जण चिडून दुसऱ्या जलाशयाकडे गेले. बाकीच्यांनी ऐकलं.

दोन हंगामांनी जाळ्यात मासे कमी आले, पण त्यांच्या पाठी भरल्या होत्या. जलाशयाच्या वरच्या टोकाला मात्र अजून तीच उपासमार होती. तिथल्या पाहणीच्या दिवशी मामी न सांगता होडीत येऊन बसली. इतक्या वर्षांत तिनं काठावरसुद्धा पाऊल ठेवलं नव्हतं. लेक नेमका कुठं बुडाला, ते तिनं विचारलं नाही आणि मामांनीही दाखवलं नाही. तिनं फक्त त्यांची बाही घट्ट धरून ठेवली, आणि जाळं ओढायची वेळ आली तेव्हा सोडली.