आत्याची न्याहारी

दुपारी अडीचच्या सुमारास दूधवाले काका जेवून दुकानात परतले, तर शेजारच्या इस्त्रीच्या दुकानातली आत्या त्यांचा मोठा फ्रीज उघडून दह्याच्या डब्यांमध्ये डोकं घालून उभी होती. वीस वर्षांचा शेजार असल्यामुळे काकांनी आरडाओरडा केला नाही. काही हरवलंय का, एवढंच त्यांनी हळूच विचारलं. आत्याने डोकं बाहेर काढलं, पदराने मान पुसली, गरम होत होतं म्हणून सांगितलं आणि फ्रीजचं दार नीट लावून ती तिथून निघाली.

आपल्या दुकानात पाऊल ठेवताच तिला जळका वास आला. घाईत बाहेर पडताना ती इस्त्री उभी करायला विसरली होती. टेबलावर दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंचा पांढरा कोट होता आणि त्याच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग उमटला होता. सव्वीस वर्षांत आत्याच्या हातून एक कॉलरसुद्धा पिवळी पडली नव्हती. ती स्टुलावर बसली आणि कितीतरी वेळ त्या डागाकडे बघत राहिली.

आत्याला एक्कावन्नावं लागलं होतं. वर्षभरापासून तिच्या छातीतून एकदम आग उसळायची, ती मानेवरून कानापर्यंत चढायची आणि दोन-तीन मिनिटांत घामाने अंग भिजवून निघून जायची. आधी तिने इस्त्रीच्या वाफेला दोष दिला. मग पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येईनाशी झाली, झोप तुटायला लागली, तेव्हा काय चाललंय ते तिला कळलं. पण सांगणार कोणाला? लग्न तिचं वेळेत जमलं नव्हतं आणि पुढे जमवायची तिला हौस उरली नाही. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत ती एकटीच राहायची. आठ महिन्यांपूर्वी तिच्या भावाची मुलगी तिथे राहायला आली.

या भाचीला आत्या लहानपणापासून शिडी म्हणायची, कारण तेराव्या वर्षीच ती स्टुलाशिवाय दिवा बदलायची. शिडीला शहरातल्या बसवर ड्रायव्हरची नोकरी लागली होती, अजून कायम व्हायची होती. आत्याला तिचं कोण कौतुक. भाची असावी तर अशी, एवढं मोठं धूड वळणावरून लोण्यासारखं नेते, असं ती गिऱ्हाइकांना कपडे मोजताना सांगायची.

घरात मात्र दोघींचं बिनसायला लागलं होतं. शिडीला दर महिन्याला पाळीच्या आधीचे पाच-सहा दिवस नकोसे व्हायचे. पोट फुगायचं, छाती दुखायची, डोकं ठणकायचं, गणवेशाचं बटण लागलं नाही म्हणून डोळ्यांत पाणी यायचं. त्या दिवसांत ती सकाळी काही न खाताच निघायची आणि दिवसभर खारे वेफर्स आणि थंड पेयांवर काढायची. अशाच एका दिवशी बस थांब्यावर उभी असताना एका आजोबांनी तिच्या काचेवर छत्री आपटून, निघणार आहे की नाही, असं विचारलं. तुम्हीच चालवा मग, असं म्हणून शिडी खाली उतरली आणि पाच मिनिटं झाडाखाली जाऊन उभी राहिली. तक्रार गेली. डेपोच्या साहेबांनी तिला लेखी समज दिली आणि तीन महिन्यांनी कायम होण्याची परीक्षा आहे हे लक्षात ठेवायला सांगितलं. आपण या कामाच्या लायकीच्या नाही असं शिडीच्या मनाने घेतलं. घरी मात्र ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही.

आत्याला वाटायचं, पोरगी माझ्या चिडचिडीला कंटाळली. शिडीला वाटायचं, मी आत्याला जड झाले.

कोट जळला त्याच संध्याकाळी भडका उडाला, तोही मिठावरून. शिडीने चव न बघताच सूपमध्ये मीठ घातलं. आधी चव तरी बघ, असं आत्या म्हणाली. तिथून जे सुरू झालं ते रात्रंदिवस उघड्या खिडक्या, आपटलेली दारं, बाथरूममधलं रडणं असं सगळ्या घरभर फिरून आलं. शेवटी शिडी म्हणाली की मी नोकरदार बायकांच्या वसतिगृहात अर्ज करतेय. आत्या म्हणाली, "कर." दोघी न जेवता आपापल्या खोलीत गेल्या. सूप तसंच राहिलं.

सकाळी आहारतज्ज्ञ बाई कोट न्यायला आल्या. आत्याने काही लपवलं नाही. कोट उलटा करून समोर ठेवला, नवा शिवून देईन म्हणाली आणि मान खाली घालून उभी राहिली. बाई तिशीतल्या, आत्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी डागाकडे एकदा पाहिलं आणि मग आत्याच्या चेहऱ्याकडे. तो लालबुंद झाला होता आणि कपाळावर घाम डवरला होता.

"आत्या, सकाळपासून काय खाल्लंत?"

"चहा घेतला."

"किती?"

"तीन." आत्याने बोटं मोजली. "तुमच्या आधी दूधवाल्यांकडे एक झाला. चार."

तेवढ्यात शिडी जिना उतरून आली. डोळे सुजलेले, गणवेश चढवलेला, हातात वेफर्सचं पाकीट. बाईंनी तिलाही तोच प्रश्न विचारला आणि तिने उत्तरादाखल पाकीट मागे लपवलं. बाईंना हसू आवरलं नाही. कोटाचं नंतर बघू, येत्या गुरुवारी दोघी दवाखान्यात या, आधी डॉक्टरांना भेटा, रक्त तपासा, मग माझ्याकडे बसा, असं सांगून त्या गेल्या.

गुरुवारी दवाखान्यात शिडी आणि आत्या एका बाकावर, मधे पिशवी ठेवून बसल्या. तपासणीत शिडीचं रक्त कमी निघालं. आत्याच्या हाडांकडे आता लक्ष द्यायला हवं, ड जीवनसत्त्व कमी आहे, असं डॉक्टर म्हणाले. दोघींना गोळ्या दिल्या. त्यानंतर आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत आत्याने लगेच विचारलं की काय काय बंद करायचं ते एकदाच सांगून टाका.

"आज काहीच बंद करायचं नाही," बाई म्हणाल्या. "फक्त लिहायचं. काय खाल्लं, कधी खाल्लं, आणि नंतर कसं वाटलं. आणि एक आधीच सांगते. खाण्याने सगळं जाणार नाही. पण उपाशी पोटी जे दुप्पट होतं ते निदान एकपट होईल. तेवढ्याने भागलं नाही तर औषधं आहेत. ती घेण्यात काही कमीपणा नाही."

मग त्यांनी शिडीला विचारलं की तुला हे किती दिवसांपासून होतंय. शिडीने कॉलेजपासून म्हणून सांगितलं आणि एकदम तिला रडू फुटलं. आजोबांची छत्री, झाडाखालची पाच मिनिटं, साहेबांचं पत्र, सगळं बाहेर आलं. आत्या हे पहिल्यांदाच ऐकत होती. तिने पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि शिडीजवळ सरकली.

दुकानातली एक जुनी, अर्धी कोरी वही त्यांनी घेतली. डावं पान आत्याचं, उजवं शिडीचं. पहिला आठवडा दोघींनी प्रामाणिकपणे खोटं लिहिलं. आत्याच्या पानावर चहा दोन आणि शिडीच्या पानावर फळं. दुसऱ्या आठवड्यात शिडीला डाव्या पानावर एक ओळ दिसली: "आज पोरीवर उगाच ओरडले. तिने काही खाल्लं नव्हतं. मीही नव्हतं." शिडीने ती दोनदा वाचली. मग आपल्या पानावरची फळं खोडून तिने खाली लिहिलं: वेफर्स, मोठं पाकीट, सगळं.

सहा आठवड्यांत पानं बोलायला लागली. आत्याची आग बहुतेक वेळा कडक चहावर, तिखटावर, नाहीतर रिकाम्या पोटावर उसळत होती. शिडीचे वाईट दिवस पाळीच्या आधी ठरून येत होते, आणि ज्या दिवशी खारं जास्त आणि सकाळचं खाणं गायब त्या दिवशी फुगणं आणि डोकेदुखी दोन्ही जोरात. बाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या की आता तुम्हाला माझी फारशी गरज नाही, कशापासून सुरुवात करायची ते तुम्हीच सांगा. आत्या म्हणाली, "न्याहारीपासून."

आत्याने एखादी गोष्ट मनावर घेतली की ती अर्धवट सोडत नाही. सकाळी साडेसहाला दोघी टेबलाशी बसल्याच पाहिजेत असा नियम झाला. ओट्सची लापशी, वर भाजलेले तीळ आणि अक्रोड, एक उकडलेलं अंडं, वाटीभर दही. शिडीच्या डब्यात उकडलेले हरभरे, काकडी, लिंबू आणि एक केळं. संध्याकाळी पालक घालून मसुराचं सूप. शिडीला पालक डोळ्यासमोर नको असायचा, म्हणून आत्याने तो बारीक वाटून घातला. हे हिरवं का आहे, असं शिडीने विचारलं. मसूर कोवळे होते, असं आत्याने सांगितलं. शिडीने आत्याकडे एकदा पाहिलं आणि वाडगा रिकामा केला.

आत्याचा चहा सुटणं मात्र कठीण होतं. घरात दोन कप झाले की तिसऱ्यासाठी ती दूधवाल्या काकांकडे जायची. शिडीने काकांना गाठून सांगितलं की आत्या आली की तिला थंड दूध द्यायचं. काका मोठ्या पेचात पडले. चार दिवस त्यांनी इमानाने दूध दिलं, आणि पाचव्या दिवशी आत्याच्या डोळ्यांतला भाव बघून स्वतःच्या कपातला अर्धा चहा तिला ओतून दिला. तो अर्धा कपही आत्याने वहीत लिहिला, पुढे कंसात काकांचं नाव लिहून.

परीक्षेची तारीख लागली आणि ती नेमकी शिडीच्या वाईट दिवसांत आली. आदल्या दिवशी तिचं डोकं जड होतं, गणवेशाचं बटण घट्ट बसत होतं. परीक्षेच्या सकाळी ती टेबलाशी बसली, पण चमचा उचलेना.

"पुन्हा कोणी काच ठोकली तर?" ती म्हणाली.

आत्या समोर बसली. "ठोकू दे. राग येईल. येऊ दे. तू खाऊन गेलेली असशील, पाणी प्यालेली असशील, आणि आज कुठला दिवस आहे हे तुला ठाऊक असेल. मागच्या वेळी यातलं काहीच नव्हतं." मग वाडगा पुढे सरकवत ती म्हणाली, "आणि नापास झालीस तरी माझी शिडीच आहेस. खा आता, लापशीचा दगड होईल."

शिडीने खाल्लं. त्या दिवशी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आत्याने गिऱ्हाइकांना न सांगता दुकान बंद ठेवलं आणि ती डेपोवर गेली. फाटकाजवळच्या बाकावर बसली. बस बाहेर गेली, वळली, दिसेनाशी झाली. आत्याला आग उसळली ती तिथेच, चार परक्या माणसांत. पूर्वी ती उठून कुठेतरी लपली असती. आता ती बाटलीतलं पाणी घोटघोट प्यायली, तिने पदर सैल केला आणि आग ओसरेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. शेजारी बसलेल्या, तिच्याच वयाच्या एका कंडक्टर बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आपल्या हातातल्या तिकिटांच्या पुठ्ठ्याने तिला वारा घातला.

पाऊण तासाने बस परतली. शिडी खाली उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मागच्या चौकात एक रिक्षा आडवी आली, असं ती सांगायला लागली. परीक्षकांनी मुद्दाम तीन वेळा घाई करायला लावली. तिसऱ्यांदा तिच्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. मग तिने ब्रेकवर पाय ठेवला, दहापर्यंत आकडे मोजले आणि पुढचा थांबा नीट घेतला. साहेबांनी कागदावर लिहिलं होतं: पास, वळणावर वेग थोडा कमी ठेवावा. आत्याने तो कागद दोनदा वाचला आणि वेगाचं तुझ्या बापाकडून आलंय म्हणाली.

त्याच आठवड्यात वसतिगृहाचं पत्र आलं की खोली रिकामी झाली आहे. शिडीने ते टेबलावर आत्यापुढे ठेवलं. आत्याने हातातलं अंडं सोलून ठेवलं. मग म्हणाली की तिथे तुझी सोय होईल, डेपोही जवळ पडेल, मी अडवणार नाही. शिडीने विचारलं, "तुला काय हवंय?"

"मला तू हवी आहेस," आत्या म्हणाली. "पण माझ्या घामाच्या नि खिडक्यांच्या पायी अडकून पडू नकोस."

शिडीने नकाराचं उत्तर लिहिलं आणि ते आत्याकडूनच टपालपेटीत टाकून घेतलं.

आत्याची आग काही गेली नाही. दिवसातून सहा-सात वेळा उसळायची ती दोन-तीनवर आली. झोप मात्र नीट लागेना, म्हणून पुढे डॉक्टरांनी तिला गोळी सुरू केली आणि तिने ती निमूटपणे घेतली. शिडीला अजूनही महिन्यातला एखादा दिवस जड जातो. त्या सकाळी ती जिन्यावरूनच सांगते, आज माझ्याशी वाद घालू नकोस. आत्या बरं म्हणते. आणि आत्याचा दिवस असला की शिडी न सांगता उठून खिडकी उघडते आणि स्वतः शाल पांघरून बसते.

परवा आत्याच्या भावाचा फोन आला. पोरगी जाड झाल्यासारखी वाटतेय, काय खायला घालतेस तिला, असं तो विचारत होता. आत्याने फोन शिडीच्या हातात दिला. ती तोंडभर लापशी घेऊन हसत होती, त्यामुळे तिला बापाला काही सांगता येईना.