आठ पारे बाकी

मित्रांनो, मी एक जुनी रेहल आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. कुराण शरीफ जमिनीवर ठेवत नाहीत. वाचताना ते ज्या लाकडी घडीच्या आधारावर ठेवतात, ती मी. गंगापूरच्या पुंडलिक सुतारानं मला सागाच्या एकाच फळीतून कापलं. अंगात एक खिळा नाही.

पडेगावच्या मकतबमध्ये नसरीन आपा पोरांना दीनी शिक्षण देतात. शाळा सुटली की पोरं वजू करून, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन, टोप्या-ओढण्या सावरत चटईवर बसतात. आपांची एक रीत आहे. शिकलेला पाठ शेजारच्या लहानग्याला वाचायला शिकवायचा, त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचा, मगच पुढचं पान. त्यामुळे वर्ग रडतखडत पुढं जातो. पण आपण काय वाचतोय हे त्या पोरांना कळतं. बाहेरगावचे लोक वर्ग पाहून कौतुक करायचे, तेव्हा मलाही बरं वाटायचं.

माझ्यासमोर सहावीतली शिफा बसायची. प्रश्न विचारून आपांना भंडावून सोडायची. कुराणाचे तीस भाग, म्हणजे पारे. तिचे बावीस झाले होते, आठ बाकी होते. तिचे अब्बा अल्ताफभाई, दौलताबाद रोडवर गाद्यांचं दुकान चालवणारे. त्यांच्या पुतण्याचं कुराण दुसऱ्या मकतबमध्ये आधीच वाचून झालं आणि त्याचा हदिया, म्हणजे वाचन पूर्ण झाल्याचा सोहळा, थाटात झाला. झालं, अल्ताफभाईंच्या पोटात दुखायला लागलं. पोरीचं कुठवर आलंय हे न विचारताच त्यांनी हॉल ठरवला, पत्रिका वाटल्या आणि मग आपांकडे आले. शेवटच्या दोन सूरा, म्हणजे छोटे अध्याय, तेवढे पाठ करून घ्या म्हणाले. हदिया झाला की पोरीचं मकतब बंद, संध्याकाळी ट्यूशन.

आपांनी नाही म्हटलं. तेव्हा अल्ताफभाई हदियाला लागेल म्हणून मला उचलून घरी घेऊन गेले. शोभेसाठी मला सोनेरी ऑईलपेंट फासला! पेंट सांध्यात जाऊन सुकला आणि मला धड मिटता येईना. पुंडलिकाचा जिथं खिळा ठोकायला हात धजला नाही, तिथं यांनी डबाभर रंग ओतला. माझा संताप संताप झाला. पण त्याहून जास्त राग पोरीसाठी येत होता. तिला पुढचं वाचायचं होतं आणि तिच्याच नावानं ते बंद होणार होतं.

हदियाच्या दिवशी हॉल गच्च भरला. शिफाला गोटा लावलेला शरारा, गळ्यात फुलांचा हार. मागं बिर्याणीचे डेग उघडायच्या बेतात. मौलवी साहेबांनी तिला वाचायला सांगितलं. शिफानं कुराण शरीफ माझ्यावर ठेवलं आणि शेवटचं पान उघडलंच नाही. तेविसाव्या पाऱ्यापाशी थांबली आणि तिथून वाचू लागली. एका शब्दावर अडखळली, मागं आली, पुन्हा वाचला. वर्गात करते तसंच.

लोक चुळबुळायला लागले. अल्ताफभाई तिच्या कानाशी वाकले.

"आखरी सूरा पढ. लोगां देख रहे."

शिफा बोलली ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"अब्बा, मेरा हुआच नै. आठ पारे बाकी है. झूट कैसा बोलू?"

दुआसाठी उचललेले हात मौलवी साहेबांनी खाली घेतले.

"तो फिर दुआ भी बाकी रहने दो," ते म्हणाले. "मेहमानां को खाना खिलाओ, अल्ताफभाई."

नसरीन आपा बायकांमधून उठल्या, शिफाशेजारी बसल्या आणि अडखळलेल्या शब्दाखाली बोट ठेवलं. लोक जेवत होते, तोवर त्या दोघींनी ते पान संपवलं.

दुसऱ्या दिवशी अल्ताफभाईंनीच तिला मकतबला सोडलं. तोंड फुगवून, गाडीवरून न उतरता. पण सोडलं.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायचीच असेल तर मला रंगवू नका, कपाटात सजवू नका. माझ्यासमोर बसा. आणि मोठ्यांनो, लेकराला एकदा तरी विचारा, कुठवर आलीस? तेवढं विचारायलाही फुरसत नसेल, तर सोहळे कसले करता?