नर्मदेचं पाणी आणि माझा रिव्हर्स गिअर

मी काळी-पिवळी बोलतेय. अंगावरचा रंग जुना झालाय, आवाज नाही.

एके काळी भंडारा-पवनी रस्त्यावर मी प्रवासी वाहायचे. "सरका ना वो बाई, अजून एक बसते," असं चालक म्हणायचा आणि खरंच अजून एक बसायचा. नवऱ्या मुली, बाजाराच्या टोपल्या, परीक्षेला निघालेली पोरं, सगळ्यांना मी वेळेवर पोहोचवलं. मग घरोघरी मोटारसायकली आल्या आणि माझे मालक इश्वर यांनी मला अंगणात उभं करून टाकलं. माझ्या टपावर मुगवड्या वाळू लागल्या.

त्या दिवसांत माझी चौकशी करणारी एकच होती, इश्वरांची पुतणी रीना. कॉलेजात शिकणारी, जिभेला धार असलेली. तिने माझी बॅटरी बदलली. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत ती माझ्यावरच गाडी शिकली आणि परवाना काढून आली. "बाईच्या हातात गाडी शोभत नाई," मोठेबाबा म्हणाले; इश्वरांना ती मोठेबाबा म्हणायची. तिने परवाना त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो चष्मा न लावता पाहिला आणि परत दिला.

आमचं गाव पुनर्वसनाचं. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा शेजारच्या कौशल्याबाईंनी महादेवाची पिंड डोक्यावरून इथे आणली आणि घरात धानाच्या ढोलीशेजारी ठेवली. "अमरकंटकाहून नर्मदामायचं पाणी मी सोता आणीन, तवाच देव बसंल," त्यांनी गावाला सांगितलं. पण देऊळ कोणत्या टोकाला बांधायचं, यावर वडीलधाऱ्यांनी वर्षानुवर्षं भांडण केलं. देव ढोलीजवळच राहिला. यंदा एकदाचं देऊळ उभं झालं. पिंड बसवायचा मुहूर्त निघाला महाशिवरात्रीच्या सकाळचा. तोवर कौशल्याबाई पार थकल्या होत्या. यंदा जमलं नाही, तर पुढच्या वर्षी त्यांना हा प्रवास झेपणार नव्हता. हे सगळ्यांना कळत होतं.

मला धुतलं, हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. स्टेअरिंगवर नात्यातला अश्विन, त्याच्या बाजूला मोठेबाबा, मागे कौशल्याबाई आणि रीना. रीनाला मागे का बसवलं, हे मला विचारू नका. तेव्हाही माझं इंजिन तापलंच होतं.

कारध्याच्या पुलावर वैनगंगेला हात जोडले, बालाघाटजवळ ती पुन्हा भेटली. पुढे सालाचं जंगल, चढ, थंड वारा. किती वर्षांनी मी अशी धावत होते! अमरकंटकला कुंडाकाठी पूजा झाली आणि कौशल्याबाईंनी तांब्याच्या गडव्यात नर्मदेचं पाणी भरलं.

असं पाणी वाटेत जमिनीला टेकवायचं नाही, हा कावडीचा नेम. म्हणून गडवा त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर धरला. मोठेबाबांनी त्या नेमाला आपलं शेपूट जोडलं, "आता गाडी मागं घ्याची नाई. कावड मागं फिरत नाई."

घाट उतरताना एका वळणावर भलंमोठं झाड रस्त्यावर आडवं पडलेलं.

"कल कटेगा," तिथे उभा असलेला वनरक्षक म्हणाला. "गाड़ी पीछे लो, ऊपर से दूसरा रास्ता है।"

रस्ता अरुंद, एका बाजूला दरी. वळायला जागा नव्हती. वरच्या रुंद जागेपर्यंत उलटंच जावं लागणार होतं.

"देवाचं पाणी मागं नेतोस?" मोठेबाबा अश्विनवर कडाडले. "थांबून राहू."

"उद्या सकाळी शिवरात्र हाय, मोठेबाबा!" रीना म्हणाली.

"देव पाहून घेईल."

अश्विनने माझं इंजिन बंद केलं. "मोठेबाबा हाव म्हणतीन, तं घेतो," म्हणाला. मला संताप आला. माझ्या गिअरवर 'आर' काय शोभेला कोरलाय?

रीना पुढे वाकली. "मोठेबाबा, महादेवाले प्रदक्षिणा कशी घालता तुमी?"

"अर्धी. पन्हाळीपासून मागं फिरा लागते."

"काहून?"

"तीर्थ ओलांडत नाई म्हणून. एवढं बी समजत नाई तुले?"

"मंग त्याच्या देवळात मागं फिरलं तं पुण्य, आन त्याच्या घाटात फिरलं तं पाप?"



कौशल्याबाई खळखळून हसल्या. "इश्वर, पोट्टी बरोबर बोलून राहिली. माहे हात भरून आले बापा! उठ रे अश्विन. रीना, तूच घे वो."

रीना स्टेअरिंगवर बसली. चावी फिरली आणि मी पहिल्याच झटक्यात गरजले! तिने मान वळवली, रिव्हर्स टाकला. दरीच्या काठाने, इंच इंच, मी उलटी घाट चढले. मागे कौशल्याबाई "नर्मदे हर!" म्हणत होत्या. रुंद जागेवर तिने मला एका फेऱ्यात वळवलं. गडव्यातला थेंबही सांडला नाही. मग रीना थांबलीच नाही.

उजाडताना आम्ही गावात शिरलो. डफड्यांच्या गजरात कौशल्याबाई उतरल्या आणि थेट गाभाऱ्यात गेल्या. पिंड बसली. त्यांच्या हातांतून नर्मदेची धार पडली, तेव्हा बुडालेल्या गावातली माणसं मोठ्याने रडली आणि मोठ्याने हसली.

मोठेबाबा माझ्या बॉनेटला टेकून उभे होते. "पुढच्या साली पचमढीले जाऊ," ते म्हणाले. "तूच चालवजो, रीना. पण हळू चालवजो."

"गाडी चालते तशी चालवीन," ती म्हणाली.

आता दर सोमवारी मी आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्यांना नव्या देवळात आणते. अंग दुखतं, पण माझी तक्रार नाही. तुमच्याकडे फक्त एक मागणं आहे. तुमच्याही दारात एखादी जुनी गाडी असेल आणि घरात एखादी रीना. तिला मागच्या सीटवर बसवू नका. किल्ली तिच्या हातात द्या आणि बाजूला सरका.